येळवशीला उपाशी

उमरीच्या गल्लीत लग्नाचा मांडव अजून उतरायचा होता. जेवणाच्या देगा घासणारी माणसं राखेत हात घालून बसली होती आणि वहिदा मॅटाडोरमध्ये उभी राहून कापसाच्या गठड्या पायानं दाबत होती. तिचा थोरला दीर शहेबाज ओट्यावर आला. तो वहिदाशी थेट कधी बोलत नसे. जे सांगायचं ते धाकट्या भावाला, पण तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"जिलानी, उद्या सकाळचा पेपर पोरीला घावला तर तिचं नशीब. चुकला, तर ती त्या लातुरात परत राहनार न्हाई. भोकरवाल्यांना मी हाव म्हनून टाकतो."

जिलानी वाकून टायरांची हवा बघायला लागला. वहिदानंही दिराकडं पाहिलं नाही. ती नवऱ्याला म्हणाली, "त्यांना सांगा, आज सांजच्याला आमी लातुरात असू. आन भोकरवाल्यांना म्हनावं, दुसरं घर बघा."

शहेबाजच्या मुलीचं, मनतशाचं, लग्न झालं होतं. त्या लग्नात भोकरच्या माणसांनी वहिदाच्या मुलीला पाहिलं होतं आणि मागणी घातली होती. आलिया बारावीला होती. लातुरात एका खोलीत सहा मुलींबरोबर राहत होती आणि एका क्लासच्या वरच्या तुकडीत बसत होती. डॉक्टरकीला जाणारी मुलं त्या तुकडीतून निघत. उद्या सकाळी तिथं मोठी चाचणी होती. जो बसणार नाही त्याचं नाव त्या तुकडीतून जाणार, आणि त्याच्या जागेसाठी बाहेर रांग उभीच असे. हे सगळं शहेबाजला माहीत होतं. म्हणून तर त्यानं अट घातली होती.

गाडी सुरू झाली तेव्हा सासू, हुरमतबी, बुरखा सावरत स्वतःच चढल्या.

"अम्मा, तू कुठं?" जिलानी म्हणाला.

"लातूरला. तुमी पोचलात का न्हाई ते बघाया कोनतरी खरं बोलनारं पायजे."

त्या सुनेच्या बाजूच्या नव्हत्या. त्यांनी तसं लपवलंही नाही. आलियाला मांडीजवळ ओढून घेत त्या म्हणाल्या, "भोकरचा पोरगा चांगला हाय गं. त्याच्या घरी नळ हाय." आलिया पुस्तकात तोंड घालून हसली.

त्या दिवशी येळवस होती. मार्गशीर्षातली अमावस्या. लातूरकडं त्या दिवशी गावं रिकामी होतात. दुकानं, कचेऱ्या, शाळा सगळं बंद आणि माणूस शेतात. वहिदाचं माहेर रेणापूरचं, त्यामुळं तिला हे जन्मापासून ठाऊक. तिनं म्हणूनच हा दिवस धरला होता. सगळे शेतात, म्हणजे रस्ता मोकळा, गाडी उडत जाईल. जिलानीलाही ते पटलं. पंक्चर काढणाराही माणूस असतो आणि त्यालाही शेत असतं, हे दोघांच्याही मनात आलं नाही.

लोह्याच्या पुढं टायर बसलं. स्टेपनी लावली. पंक्चरच्या दुकानाच्या फळ्या ओढलेल्या, त्यामुळं बसलेलं टायर तसंच मागं टाकलं. हुरमतबींनी पहिला सुस्कारा सोडला, "इशारा हाय." अहमदपूरच्या पुढं रस्ता खणून ठेवलेला. आडवे पिंप, वर लाल फडकं, आणि वळण कुठून आहे ते सांगायला चिटपाखरू नाही. जिलानीनं गाडी परत फिरवून आडरस्त्याला घातली. खड्ड्याखड्ड्यातून ती अशी चालली की मागं बांधलेलं कापूस पिंजायचं मशीन दात खाल्ल्यासारखं वाजत राहिलं.

"दुसरा इशारा," हुरमतबी म्हणाल्या.

"अम्मा, खड्डा हाय तो. खड्ड्याला खड्डा म्हना," वहिदा म्हणाली.

खिडकीतून ज्वारी मागं जात होती. उंच, हिरवी, कणसात आलेली. वहिदा तिच्याकडं बघत नव्हती. या बाजूच्या जमिनीकडं ती टक लावून कधी बघत नसे. भूकंपाच्या वर्षी ती इथं आली होती, याच गाडीतून, याच मशीनसकट. पत्र्याच्या शेडमध्ये माणसं झोपत होती आणि ढिगाऱ्यातून निघालेल्या गाद्या, रजया पिंजून नव्यानं भरून पाहिजे होत्या. जिलानी भरायचा, ती मशीनवर. मशीन सुरू झालं की कापसाच्या आधी माती उडायची. पडलेल्या मातीच्या छतांची, माळवदांची, पांढरी माती. ती नाकातोंडाला ओढणी बांधायची, तरी रात्री थुंकी पांढरी यायची. रांगेतलं कुणी तरी रजई उलटीपालटी करून म्हणायचं, ही आमची न्हाई, ही शेजाऱ्याची. शेजारी रांगेत नसायचा. मग ती रजई घेऊन तो माणूस तसाच उभा राहायचा, आणि मशीन चालूच.

जमीन नंतरही अधूनमधून हलायची. जिलानी रोज म्हणायचा, "चल नांदेडला. अजून हलून राहिली." ती म्हणायची, "हलू दे."

ती हिवाळाभर हलली नाही. काहीतरी तिच्यात तेव्हा घट्ट झालं. कापूस वर्षानुवर्षं अंगाखाली दबून होतो तसं, पण तिचं पुन्हा पिंजलं गेलं नाही.

पुढच्या वर्षांत लातूर वाढत गेलं. छप्पर म्हटलं की ज्या भागात माणसाच्या अंगावर काटा यायचा, तिथंच मजल्यावर मजले चढले. भिंतीभिंतींवर क्लासच्या पाट्या, पाट्यांवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. वसतिगृहांना पातळ गाद्या लागायच्या, एका माणसापुरत्या. वहिदा गाद्या उतरवायला जिना चढायची तेव्हा खोल्यांत मुली मोठ्यानं पाठ करत असायच्या, एकीचं दुसरीला ऐकू जाऊ नये म्हणून कानांत बोटं घालून. ती गादी खाली ठेवून दारात उभी राहायची. परत नांदेडला आल्यावर तिनं एवढंच सांगितलं, "आलियाला तिथं ठिवायचं." तिनं विचारलं नव्हतंच.

रेणापूर दोन-तीन कोसांवर आलं असताना गाडीच्या नाकातून वाफ निघाली. जिलानीनं झाकण उघडलं. पाण्याचा रबरी पाइप फाटून तोंड वासून पडला होता.

हुरमतबींनी सुनेपुढं तीन बोटं धरली. बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं.

दुपार कलायला लागली होती. रस्त्यावर कुणी नाही. पण शेतातून हाक आली. डोक्याला पटका बांधलेला एक म्हातारा ज्वारीतून वाट काढत धावतच येत होता.

"ओ पाव्हनं! थांबा, थांबा! जेवल्याबिगर जायचं न्हाई!"

"जायचं कसं, काका? गाडीच मेली," जिलानी म्हणाला.

"मग तर लईच बेस झालं! चला!"

त्याचं नाव अण्णाराव. येळवशीला रस्त्यावरून जाणारा माणूस हा शेतकऱ्याच्या तावडीतला माणूस असतो. ज्याच्या शेतात जास्त पाहुणे जेवले त्याचा मान मोठा. अण्णारावचं नशीब आज वाईट होतं. आडरस्ता, एक सायकलवाला सोडला तर कुणी घावलं नव्हतं. आता अख्खं कुटुंब घावलं होतं.

वहिदानं विचारलं, "अन्ना, गाडीचा मेकॅनिक कुठं भेटंल?"

"हा काय, माझा पोरगाच हाय. दयानंद. त्या वळनावर ग्यारेज त्याचंच. बंद हाय."

ज्वारीच्या मधोमध कडब्याची कोपी उभी होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पाच पांडव, आणि पुढं नैवेद्य. बाहेर घोंगडीवर बायका, पोरं. मोठ्या मडक्यात आंबील, म्हणजे ताकात शिजवलेलं ज्वारीचं पीठ, आणि परातीत शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, धपाटे. लसणाचा वास बांधापर्यंत येत होता. दयानंद तिथं आडवा पडला होता. धुतलेलं पांढरं धोतर, कपाळाला गुलाल, आणि नखांत वर्षभराचं काळं ग्रीस, जे कुठल्याच साबणानं जात नाही.

जिलानीनं अदबीनं सांगितलं. पेपर, पोरगी, पाइप.

दयानंद उठून बसला. "भाई, गाडी दुरुस्त व्हईल. जुन्या जीपचा पाइप पडलाय ग्यारेजात, त्यो बसंल. पन आज न्हाई. उद्या दिवस उगवला की पयलं काम तुमचं."

"उद्या काय उपेग?" वहिदा म्हणाली.

"ताई, आमच्या घरात येळवशीला लोखंडाला हात लावत न्हाईत. वरीसभर मी मेकॅनिक असतो. आजचा एक दिवस मी अन्नारावचा पोरगा हाय. एवढं तरी ऱ्हाऊ द्या मला."

त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. वहिदालाही ते कळलं. तिनं बैलगाडीकडं बोट केलं. "शेतात तिच्यात बसून आलात ना? चाकाला आवळलेली धाव कशाची असती? लाकडाची?"

घोंगडीवरची एक पोरगी खुदकन हसली. अण्णारावचा पटका हलला. "बाई, कायदा नका शिकवू. धाव बैलानं ओढली. आमी हात न्हाई लावला. चला, पयले जेवा. पोट भरल्यावर मानूस शाना होतो."

अण्णारावची बायको विठाबाई पत्रावळी मांडायला लागली. जिलानीनं चपला काढल्या. आणि वहिदा बांधावरच थांबली.

"मी जेवनार न्हाई."

"का गं?" विठाबाईनं मान वर केली. "आमचं चालत न्हाई का तुला?"

"मावशी, तुमचंच खाऊन मोठी झाले. रेनापूरच्या कासीम पिंजाऱ्याची लेक हाय मी. दर येळवशीला बापाच्या खांद्यावर बसून दहा शेतांत जेवलेय."

"कासीमची? मग तुला सांगाया पायजे का, आज कोपीवरून मानूस उपाशी गेलं तर कनसात दाना भरत न्हाई, आन..." विठाबाई बोलता बोलता थांबली. तिचा हात पत्रावळीवर तसाच राहिला.

"म्हाईत हाय म्हनूनच म्हनते. गाडी चालू झाल्याबिगर मी खानार न्हाई. माझी लेक खानार न्हाई. आमचे हे बी खानार न्हाईत."

जिलानीनं काढलेली चप्पल गुपचूप पुन्हा पायात घातली.

"आगं बया!" विठाबाई उभीच राहिली. "ही जानूनबुजून करून राहिली! ज्वारीत दाना भरायचा हाय, आन ही माझ्या बांधावर उपाशी बसून राहिली!"

"हे धमकावनं झालं," अण्णारावचा आवाज चढला.

"हाव अन्ना. धमकीच हाय. माझ्याकडं दुसरं काय हाय?"

ती बांधावर बसली, ज्वारीकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून. आलिया तिच्या शेजारी बसली आणि पुस्तक उघडलं. सकाळी गाडीत खाल्लेल्या दोन केळ्यांवर ती होती. तिच्या पोटातला आवाज आईला ऐकू आला. वहिदानं मान वळवली नाही. वळवली असती तर कदाचित उठली असती.

शेतात कुणी जेवेना. पोरं भज्जीकडं बघत आणि आजोबांकडं बघत. अण्णाराव कोपीला फेऱ्या घालत पुटपुटत होता. ऊन ज्वारीच्या कणसांवरून हळूहळू खाली उतरत होतं, आणि ते उतरणं सगळ्यांना दिसत होतं.

विठाबाई मात्र पन्नास येळवशी काढलेली बाई. तिनं पत्रावळ वाढली. भज्जी, उंडे, वर तेलाची धार, खीर, आणि आंबिलीचा तांब्या. ती वहिदाकडं गेलीच नाही. दगडावर बसलेल्या हुरमतबींपुढं तिनं पत्रावळ ठेवली.

"आजी, तुमी मोठ्या. तुमी घास घेतला की पाव्हना जेवला. बाकीचे बसू द्यात तसेच वाऱ्यावर."

डाव बरोबर होता. एक घास म्हाताऱ्या पाहुणीच्या तोंडात गेला की शेताचं देणं फिटलं. मग वहिदा बांधावर आठ दिवस बसली असती तरी कुणाचं काही अडलं नसतं. सगळे हुरमतबींकडं बघायला लागले. जिलानीनं डोळे मिटले. आपली आई काय करणार हे त्याला ठाऊक होतं. तिला ही पोरगी परत न्यायची होती, त्यासाठीच ती आली होती, आणि तिला भूक लागली होती.

हुरमतबींनी पत्रावळ जवळ ओढली. उंडा उचलून नाकाजवळ नेला. वास घेतला. बराच वेळ घेतला.

"लसून चांगला पडला," त्या म्हणाल्या.

"मग घ्या की."

"दुल्हन!" हुरमतबींनी सुनेला हाक मारली. "तू जिद्दी हायस. गाढवासारखी. सकाळपासून अल्ला तीनदा न्हाई म्हनून राहिला, तुला ऐकू येत न्हाई."

"मला पोरीच्या पोटाचा आवाज ऐकू येऊन राहिला, अम्मा. तुमी खा. तुमाला शपथ न्हाई घातली मी."

हुरमतबींनी नातीकडं पाहिलं. आलिया ओठ हलवत कुठलंसं सूत्र पाठ करत होती आणि एकाच ओळीवर बोट पुन्हा पुन्हा फिरवत होती. म्हातारीनं उंडा पत्रावळीवर परत ठेवला. तेलकट बोटं बुरख्याला पुसली.

"न्या, बाई," त्या विठाबाईला म्हणाल्या. "सून चुकली माझी, एक डाव न्हाई, शंभर डाव चुकली. पन पोर उपाशी बसलेली बघून जेवाया मी काय शहेबाज हाय का?"

शहेबाज कोण हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. तरी सगळ्यांना कळलं. विठाबाई दगडाशेजारी मटकन खाली बसली, आणि दोघी म्हाताऱ्या मधल्या पत्रावळीकडं बघत राहिल्या.

मग विठाबाई एकदम उठली. "दया! ऊठ!"

"आई, लोखंड..."

"तू नको लावू हात. तोंड हाय ना तुला? तोंड लोखंडाचं हाय का? हात हिचे, तोंड तुझं. चल."

अण्णारावनं काही बोलायला तोंड उघडलं. विठाबाई म्हणाली, "तुमी पानी आना हिरीचं. दोन घागरी."

दयानंद आणि जिलानी वळणावरच्या गॅरेजकडं गेले. शटर जिलानीनं उचललं, पाइप जिलानीनं उचकटून काढला. दयानंद दोन्ही हात पाठीमागं धरून उभा होता, पाटलासारखा. परत आल्यावर वहिदा बाह्या वर सारून गाडीच्या नाकात शिरली. हात हिचे, असं ठरलं होतं, म्हणून पाना तिनंच घेतला. वर्षानुवर्षं कापूस ओढलेले हात होते ते.

"क्लिप ढिली करा, ताई. डावीकडं. डावीकडं म्हनलं मी!"

"माझी डावी का तुझी डावी?"

"गाडीची! आता पाइप सारा आत. अजून. जोर लावा की, लाजून काय राहिलात?"

"लाजते कुठं, हात भाजून राहिला माझा!"

दयानंदचे हात पाठीमागं एकमेकांत वळवळत होते. चुकीचा आटा फिरताना बघणं त्याला पेपर चुकण्याइतकंच जड जात असावं. एकदा त्याचा उजवा हात सुटून पुढं आलाच. बांधावरून अण्णाराव खेकसला, "दया!" हात पुन्हा मागं गेला.

क्लिप आवळली. विहिरीचं पाणी ओतलं. जिलानीनं किल्ली फिरवली. गाडी खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि लागली. पाइपाच्या कडेनं एक थेंब आला, लोंबला, आणि दुसरा आला नाही.

"चालंल लातूरपर्यंत," दयानंद म्हणाला. "पुढचं बोलत न्हाई."

"पुढं जायचंच न्हाई आमाला," वहिदा म्हणाली.

तिनं ओढणीनं हात पुसले, बांध ओलांडला आणि घोंगडीवर मांडी घालून बसली. "वाढा मावशी." तिनं इंजिन बंद करू दिलं नाही. ते तिकडं धडधडत राहिलं आणि इकडं ती जेवली. पाहुण्यासारखी नाही, भुकेल्या माणसासारखी. आलियाला तिनं आपल्या हातानं तीन वेळा खीर वाढली. विठाबाई वाढताना शिव्या देत होती आणि वाढतच होती. "पुन्हा ये अशी धमकी घेऊन. तंगडं मोडीन तुझं." हुरमतबींनी भज्जी दुसऱ्यांदा मागून घेतली.

दिवस बुडता बुडता गाडी लातुरात शिरली. शहरात अजून फारसा माणूस नव्हता. क्लासच्या पाट्यांवरची पहिली आलेली पोरं रिकाम्या रस्त्याकडं बघत होती. माणसं नुकती शेतांकडून परतायला लागली होती, बैलगाड्यांत पेंगणारी, आंबिलीनं जड झालेली.

सकाळी क्लासच्या दारात सायकलींचा ढीग होता. आलिया आत गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही, ते वहिदाला आवडलं. समोरचं एसटीडीचं दुकान उघडलं होतं. तिनं उमरीचा नंबर फिरवला आणि शहेबाजचा आवाज येताच रिसीव्हर सासूच्या हातात दिला.

"हाव," हुरमतबी म्हणाल्या. "मीच. पोचलो. पोरगी आत बसली, माझ्या डोळ्यांदेखत." पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. "न्हाई. रस्त्यात काय झालं न्हाई. येळवस होती, जेवून आलो. आता तू भोकरला सांग. मंग? तू न्हाई सांगितलं तर मी सांगते."

त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि सुनेकडं न बघता म्हणाल्या, "मी अजून बी म्हनते, त्याच्या घरी नळ होता."

"हाव अम्मा."

आलिया डॉक्टर झाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात मार्क थोडे कमी पडले. ती औषधांचं शिकली आणि आता उदगीरला एका दवाखान्यात औषधं देते. वहिदा आणि जिलानीनं नांदेडचं घर सोडून लातुरातच गाद्यांचं दुकान टाकलं. जूनमध्ये तिथं उभं राहायला जागा नसते. गावोगावचे आईबाप पोरांना घेऊन येतात, एका माणसापुरत्या गाद्या बघतात, दाबतात, वास घेतात. एखादा बोलता बोलता विचारतोच, की तुमची मुलगीही इथंच शिकली म्हणे, मग डॉक्टर झाली का?

"न्हाई झाली," वहिदा म्हणते. आवाज खाली येत नाही.

विचारणारा गडबडतो. "आरेरे. मग?"

"मग काय? गादी किती इंची पायजे ते बोला."